चारचं वाचन

वॉर्डात चोवीस खाटा होत्या. त्यांतल्या बावीस वापरात. दोन खाटांचे जमिनीतले बोल्ट उखडलेले, म्हणून त्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. दारं तीन, त्यांतली दोन एकाच वेळी उघडायची नाहीत. खिडक्या अकरा, सगळ्यांना आतून जाळी. पंखा एकही नाही, कारण इथे छताला काहीही असायचं नाही. त्याऐवजी भिंतीत बसवलेले कूलर चार, चालू तीन. प्लॅस्टिकच्या खुर्च्या नऊ. घड्याळ एक, उंचावर. आरसा नाही.

तीन पाळ्यांत मिळून माणसं दहा: सिस्टर सहा, मावश्या तीन, रखवालदार एक. मानसोपचाराच्या डॉक्टर एक, त्या मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी यायच्या. उरलेले दिवस दुसऱ्या जिल्ह्यात. समुपदेशकाचं पद एक, चार वर्षं रिकामं. हा पुरुषांचा वॉर्ड. बायकांचा पलीकडच्या इमारतीत, तिथे खाटा आणखी कमी. दोन्ही मिळून चार जिल्ह्यांसाठी. मी रुजू झाले त्या दिवशी पुरुषांच्या प्रतीक्षायादीत एकसष्ट नावं होती.

ही मोजणी माझ्या कामाचा पहिला भाग होती. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि ‘मापन सहायक’ म्हणून अकरा महिन्यांच्या करारावर लागले होते. दुसरा भाग म्हणजे मनगटाला बांधायचे पट्टे. ते आठ आले होते, त्यांतला एक चार्ज धरत नव्हता. तिसरा भाग म्हणजे वॉर्डाचं तापमान नोंदवणं. त्यासाठी जाळीबाहेरच्या बोळात लाल द्रवाचा एक जुना तापमापक होता, कुणीतरी कंबरेच्या उंचीवर खिळा ठोकून लावलेला. मी रोज त्याच्यासमोर वाकायची.

“काहून गं मीटरवाली, रोज त्याच्या पाया पडून रायली का?” पंचफुला मावशीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं. दिवसपाळीची ही मावशी, माझ्यासारखीच करारावरची, पण एकोणीस वर्षांपासून.

“उभ्यानं वरून बघितलं की एक डिग्री कमी दिसते, मावशी. डोळा रेघेच्या समोर आणावा लागतो.”

“एका डिग्रीनं कोणाचं काय होते?”

पट्टा काय करतो ते थोडक्यात असं. तळहाताला येणारा घाम उन्हापेक्षा मनाला जास्त दाद देतो. माणूस आतून घाबरला की त्वचेतून वीज जरा सहज वाहते, इतकी जरा की ते त्या माणसालाही कळत नाही. पट्ट्यातून एक अतिशय क्षीण प्रवाह सोडून हा बदल मोजतात. दुसरी गोष्ट हृदयाची. निरोगी हृदय घड्याळासारखं चालत नाही. श्वास आत घेताना ठोके थोडे जवळ येतात, सोडताना लांबतात. माणूस फार खचला की हा फरक कमी होतो आणि ठोके एकसारखे पडायला लागतात. यात गादीखालच्या पट्टीनं मोजलेली झोप आणि बोलण्यातल्या थांब्यांची लांबी मिळवायची, आणि ही चार मापं आधीच्या दोन लाख रुग्णांच्या नोंदींशी ताडून पाहायची. त्यातून शून्य ते शंभरमधला एक अंक निघतो; अंक मोठा तितका धोका मोठा. उकाड्यानं येणारा घाम अंक फुगवतो, म्हणून अठ्ठावीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला दीड गुण वजा करायचे. तापमापक त्यासाठी होता.

हा अंक एका माणसाबद्दल काही सांगत नाही. उद्या पावसाची शक्यता चार टक्के, असं हवामान खातं म्हणतं, तेव्हा ते तुमच्या अंगणाबद्दल बोलत नसतं. यंत्र म्हणतं, चाळीसच्या खाली अंक असलेली शंभर माणसं घरी पाठवली तर पंधरा दिवसांत चौघांच्या बाबतीत ‘गंभीर घटना’ घडते. कोणते चार, ते त्याला ठाऊक नसतं.

साठच्या वर अंक असेल त्यालाच खाट. सलग तीन दिवस चाळीसच्या खाली आला, तर तिसऱ्या दिवशी पाच वाजता खाट आपोआप मोकळी होते आणि यादीतल्या सर्वांत मोठ्या अंकाला जाते. डॉक्टर शेरा मारून ती सुट्टी थांबवू शकतात, पण असे शेरे महिन्याला दोन. पट्टा खरं तर दिवसरात्र मनगटावर असायला हवा होता. आमच्याकडे बावीस रुग्णांना सात पट्टे, म्हणून वाचन दिवसातून एकदाच, चार वाजता सुरू, दहा-दहा मिनिटांच्या चार फेऱ्यांत.

“आधी काय होतं माहीत आहे?” डॉक्टर कुरेशी मॅडमनी मला विचारलं होतं. “आमदाराच्या माणसाचा फोन आला की खाट मिळायची. ज्याच्याकडे फोन नाही त्याला आई दुपट्ट्यानं बाकाला बांधून ठेवायची. आता निदान फोनचा उपयोग नाही.”

“आणि बाक?”

“बाक आहेच,” त्या म्हणाल्या.

फाटकाजवळचा तो सिमेंटचा बाक वॉर्डाच्या चौथ्या खिडकीतून दिसायचा.

*

गजबे सर फेब्रुवारीत आले. त्यांचा अंक त्र्याऐंशी होता.

ते मला आठवी ते दहावी विज्ञान शिकवायचे, तालुक्याच्या जिल्हा परिषद शाळेत. लंबकाचा प्रयोग आमच्याकडून करून घेताना प्रत्येकाला तीनदा मोजायला लावायचे. तिन्ही आकडे एकसारखे आणणाऱ्या पोराला म्हणायचे, “तू मोजलं नाहीस, तू पहिल्या आकड्याचं ऐकलंस.” तापमापकासमोर वाकायचं मला त्यांनीच शिकवलेलं. आता काकूंनी त्यांच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली होती आणि ते त्या बाहीमागून चालत होते. वय चोपन्न. गेल्या दिवाळीपासून त्यांनी शाळेत जाणं सोडलं होतं, मग जेवण, मग बोलणं.

मला त्यांनी ओळखलं की नाही ते कळलं नाही. काकूंनी ओळखलं. दोन दारांच्या मधल्या जागेत त्यांनी मला थांबवलं.

“बेटा, यांना लवकर घरी पाठवू नका. मी एकटी आहे. तीन महिने झाले, मी झोपत नाही. माझा डोळा लागला की हे उठतात. एकदा पाठलाग करत नहराच्या पाण्यापर्यंत गेले मी.” त्यांनी माझं मनगट धरलं. “तू आहेस ना इथे?”

“आहे काकू. ठेवून घेऊ त्यांना.”

मापन सहायकाला असं काही म्हणायचा अधिकार नव्हता. पण मी म्हटलं.

वॉर्डात रोज साडेतीनला लसूण यायचा. मुख्य इस्पितळात चारशे माणसांचा स्वयंपाक होई आणि भटारखान्यात हात कमी, म्हणून कधीतरी पंचफुला मावशीनं तो लसूण इकडे मागून घेतला होता. सुरी लागत नाही, नखांनी सोलता येतो. ती मधोमध फतकल मारून बसायची, परात समोर, आणि ज्याला वाटेल तो भोवती बसायचा. ती कुणालाच बोलवायची नाही. टोमणे मात्र मारायची.

“पाटील, तू सोलून रायला का खाऊन रायला?”

“मावशी, याची साल निघतच नाही.”

“तुझ्या बायकोले विचार, तुझी कशी काढे ते.”

दोन महिने न बोललेला माणूससुद्धा तिथे हसलेला मी पाहिला आहे.

सर आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. नवव्या दिवशी येऊन परातीजवळ बसले. मावशीनं न बघता एक गड्डा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो बोटांत फिरवला, पाकळ्या मोजल्या आणि सोलायला लागले. पहिल्या दिवशी तीन पाकळ्या. मार्चच्या मध्याला ते माझ्याशी बोलायला लागले.

“रेणू मेश्राम,” ते म्हणाले. “तिसरा बाक, खिडकीकडचा. हा पट्टा काय मोजतो?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं. प्रवाह, घाम, ठोक्यांमधलं अंतर, वजाबाकी. कागदावर आलेख काढून दाखवला. इतक्या दिवसांत कुणी तरी नीट प्रश्न विचारत होतं आणि ते माझे सर होते. मला फार बरं वाटलं.

“म्हणजे श्वास लांबवला तर फरक वाढेल,” ते म्हणाले.

“हो सर. मिनिटाला सहाच्या आसपास घेतला तर सर्वांत जास्त.”

“हूं,” ते म्हणाले आणि त्यांनी पाकळी परातीत टाकली.

*

एक एप्रिलला आदेश आला. आतापर्यंत वॉर्डाला माणसं जुन्या पद्धतीनं, खाटांच्या हिशेबानं मिळत होती. यापुढे अंकावर मिळणार होती. वॉर्डातल्या सगळ्या अंकांची रोजची बेरीज करायची, महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्याची सरासरी काढायची आणि तिला दीडशेनं भागायचं. आमची मार्चची सरासरी बेरीज अकराशे चार. माणसं सात.

दोन सिस्टर दुसरीकडे गेल्या. मावश्यांतली एक कमी करायची होती. पंचफुला मावशीला महिनाअखेरची नोटीस मिळाली. रात्रपाळीत बावीस रुग्णांना एक सिस्टर उरली, आणि दुसऱ्याच आठवड्यात एका रात्री तिचं मनगट मोडलं. ज्यानं मोडलं तो सकाळी तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून रडत होता.

“दुसऱ्या विभागाच्या इस्पितळात तेवढ्याच खाटा,” इनचार्ज बोरकर सिस्टर म्हणाल्या. “त्यांना अकरा माणसं. त्यांचे पेशंट आमच्यापेक्षा वेडे आहेत काय?”

सरांचा अंक तेव्हा त्रेचाळीसवर आला होता. बरे होत होते असं नव्हे, झोप तीन तास होती, आणि एकदा मी ऐकलं, ते मावशीला विचारत होते, “एवढा लसूण रोज संपतो कुठे?” अशा सुरात, की जणू उत्तर मिळालं नाही तर पुढं काही करता येणार नाही. पण चार वाजता ते त्रेचाळीस असायचे.

अकरा तारखेला भटारखान्याची गाडी बंद पडली. लसूण आला नाही. चारचं वाचन घेतलं तर बेरीज पंधराशेच्या वर. मला वाटलं पट्टे बिघडले, म्हणून मी सातही पट्टे स्वतःच्या मनगटावर तपासले. बिघडले नव्हते. सर चौसष्ट होते.

त्या संध्याकाळी मी तीन महिन्यांची वाचनं एका आलेखावर मांडली आणि लसूण न आलेले दिवस शोधले. पाच होते. पाचही दिवशी आलेख उभा चढलेला. फरक सरासरी अठरा गुणांचा. नवीन औषधानं महिनाभरात जेवढा अंक उतरतो त्याच्या दुप्पट, आणि तोही अर्ध्या तासात. माझं मन आनंदानं भरून गेलं हे मी कबूल करते. एक परात, एक मावशी, अठरा गुण. असं काही मोजलं जाईल असं मला वाटलं नव्हतं.

बोरकर सिस्टरनी आलेख बघितला आणि दुसरीच गोष्ट पाहिली.

“म्हणजे साडेतीनला आम्ही यांना निवांत करतो,” त्या म्हणाल्या, “आणि चारला तू मोजतेस.”

“हो.”

“आणि निवांत दिसले म्हणून आमची माणसं काढून घेतात.”

“हो.”

त्यांनी आलेख माझ्याकडे परत सरकवला. मग मीच बोलले. ती सूचना माझी होती, दुसऱ्या कुणाची नव्हे.

“लसूण पाचला घेतला तर?”

कुरेशी मॅडमना गुरुवारी सांगितलं. त्या चष्मा पुसत होत्या. “हा अठरा गुणांचा आलेख वर पाठवला तर काय होईल?” मी विचारलं.

“गुण दुरुस्त करायचं एक नवं सूत्र येईल. लसणाचे अठरा मिळवायला सांगतील, आणि त्यासाठी रोज किती सोलला ते वजन करून कळवायला.” त्यांनी चष्मा घातला. “लसूण कधी सोलायचा हा वॉर्डाचा अंतर्गत प्रश्न आहे. मी काही ऐकलेलं नाही.”

तेरा तारखेपासून तीन ते चार या वेळात कुणी रुग्णांजवळ जाईनासं झालं. जाळीबाहेरून लक्ष असायचं, पण आत कुणी नाही. चहा नाही, गप्पा नाहीत, परात नाही. सिस्टर त्याला कोरडा तास म्हणायला लागल्या. पहिल्या दिवशी साडेतीनला सगळे येऊन मधोमध बसले. परातीची जागा सोडून, गोल. दहा मिनिटं वाट पाहिली. मग एकेक जण उठून येरझाऱ्या घालायला लागला. पाटील जाळीशी येऊन म्हणाला, “मावशी, चुकलं का आमचं काही?” पंचफुला मावशी बोळात माझ्याशेजारी उभी होती. ती भटारखान्याकडे निघून गेली.

चारला बेरीज पंधराशे आठ.

मे महिन्याच्या आदेशात माणसं पुन्हा दहा झाली. मावशीची नोटीस रद्द झाली. रात्री पुन्हा दोन सिस्टर. सरांचा अंक सहासष्ट, म्हणजे खाट पक्की. काकूंना मी फोनवर सांगितलं, “काळजी करू नका, अजून बरेच दिवस ठेवतील.” त्या म्हणाल्या, त्यांना आता दिवसा सुद्धा झोप लागते.

पाचला लसूण यायचा. पण पाचला जे बसायचे ते साडेतीनला बसणाऱ्यांपेक्षा कमी होते. महिनाअखेरीस सात जण. मावशी टोमणे मारायची नाही.

*

मे संपत आला तेव्हा बाहेर पंचेचाळीस अंश होतं आणि आत, कूलरांच्या आशीर्वादानं, छत्तीस-सदतीस. सर चौथ्या खिडकीशी उभे असायचे. बाकावर नऊ दिवसांपासून एक माणूस होता, तिशीचा, ट्रकवरचा चालक. त्याची म्हातारी आई दुपट्ट्याचं एक टोक त्याच्या मनगटाला आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला बांधून बसायची.

“त्याचा अंक किती?” सरांनी मला विचारलं. जाळीच्या अलीकडे मी, पलीकडे ते.

“एकोणऐंशी.”

“आणि माझा सहासष्ट.”

“खाटा रिकाम्या नाहीत, सर. रिकामी झाली की त्यालाच.”

“रेणू, लसूण पाचला का गेला?”

मला खोटं सांगता आलं असतं. मी सांगितलं. बेरीज, दीडशे, सिस्टरचं मनगट, मावशीची नोटीस. काकूंना दिलेलं वचन तेवढं सांगितलं नाही. ते ऐकत राहिले, वर्गात पोराचं उत्तर पूर्ण होऊ द्यायचे तसे.

“मी तुम्हाला काय सांगायचो? मोजायच्या वस्तूला हात लावायचा नाही.”

“नाही लावत, सर. आम्ही त्या तासात कुणीच आत येत नाही.”

“बरोबर. हात नाही लावलात,” ते म्हणाले. “उन्हात ठेवलंत.”

मग त्यांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, “असू दे. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. गणित बरोबर आहे तुझं.”

सोमवारी त्यांचा अंक अडतीस आला.

मी पुन्हा मोजलं. तीनदा. अडतीस, अडतीस, सदतीस. कोरडा तास झाला होता, भोवती माणसं घिरट्या घालत होती, आणि सर खाटेवर ताठ बसून हळूहळू श्वास घेत होते. मी घड्याळ लावलं. मिनिटाला सहा. मांडीवर त्यांची बोटं हलत होती. अंगठा तर्जनीवर घासायचा, थांबायचा, पुन्हा घासायचा. परात नव्हती. ते लसूण सोलत होते.

“सर, असं करू नका.”

“काय करतोय मी? बसलोय.”

“तुम्हाला घरी पाठवतील.”

“घरी जायचं नसतं का बरं झाल्यावर?” ते म्हणाले.

बाकावरच्या माणसासाठी ते खाट मोकळी करत होते, की त्यांना घरीच जायचं होतं आणि ते कशासाठी, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही माहीत नाही. मंगळवारी कुरेशी मॅडम त्यांच्याशी वीस मिनिटं बोलल्या. बावीस रुग्णांत तेवढीच मिळतात. बाहेर आल्या तेव्हा कपाळ चोळत होत्या. “बोलतात छान. फार छान बोलतात, ते मला आवडलं नाही. पण या महिन्याचे दोन्ही शेरे गेले, रेणू. उद्या चाळीसच्या वर जातील, गुरुवारी मी आहेच.” त्या दिवशी अंक सदतीस.

बुधवारी मॅडम नव्हत्या. सरांचं मूळ वाचन आलं साडेबावन्न.

मी आकडेमोड डोक्यात केली. आत छत्तीस अंश असतील तर बारा वजा, साडेचाळीस, सर राहतात. सदतीस असतील तर साडेतेरा वजा, एकोणचाळीस, सर जातात.

बोळात गेले. तापमापकासमोर उभी राहिले. उभ्यानं लाल रेघ छत्तीसच्या खुणेवर दिसत होती. माझ्या आधी इथे नोंदी करणारे सगळे उभ्यानंच बघायचे. कुणालाही विचारलं असतं तर त्यानं छत्तीस सांगितलं असतं, आणि ते खोटं नसतं. त्यानं तेच पाहिलं असतं. पंचफुला मावशी मागून आली आणि थांबली.

“काय म्हणते?” तिनं विचारलं.

मी वाकले. डोळा रेघेसमोर आणला. सदतीस.

उठून पुन्हा वाकले. तीनदा पाहिलं. सदतीस, सदतीस, सदतीस.

दीड महिना मी बावीस माणसांना रोज तासभर एकटं ठेवत होते आणि त्याला वेळापत्रक म्हणत होते. त्या दिवशी एक अंश कमी लिहायला माझा हात धजला नाही. मी सदतीस लिहिलं.

बोरकर सिस्टरनी मॅडमना सहा वेळा फोन लावला. त्या कोर्टात साक्षीला होत्या, फोन बंद. पाचला पडद्यावर सरांच्या नावापुढची खाट हिरवी झाली. सव्वापाचला चालक आत आला. त्याच्या आईनं दुपट्टा सोडला आणि स्वतःच्या मनगटावरचा वळ चोळत राहिली.

काकू सात वाजता आल्या. सरांनी कपडे बदलले होते, केस विंचरलेले. वॉर्डाचे दोन सदरे त्यांच्या पिशवीत राहून गेले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि पिशवी उचलली. सरांनी मावशीला नमस्कार केला. मग माझ्याजवळ आले. त्यांच्या बोटांना लसणाचा वास होता; मावशीनं त्या दिवशी पाच वाजायच्या आत परात काढली होती, आणि तिला कुणी अडवलं नव्हतं.

“किती आला?”

“एकोणचाळीस.”

“तापमान?”

“सदतीस.”

“डोळा समोर होता ना?”

“हो सर.”

“मग झालं,” ते म्हणाले.

*

काकू जूनच्या शेवटच्या आठवड्यात आल्या. दोन दारांच्या मधल्या जागेत थांबल्या, पहिल्या दिवशी थांबल्या होत्या तिथेच. त्यांच्या हातात वॉर्डाचे दोन सदरे होते, धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेले.

“हे राहिले होते आमच्याकडे. तुमच्या मोजणीत कमी भरले असतील.”

मी सदरे घेतले.

“अकरा दिवस जागी होते,” त्या म्हणाल्या. “बाराव्या दिवशी यांनीच मला म्हटलं, तू जरा पड, मी चहा ठेवतो. इतक्या महिन्यांनी चहा ठेवतो म्हणाले. मला बरं वाटलं. मी पडले.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं नाही, डोळेही नाही, हात नुसते बाजूला होते. “गॅसवर चहा ठेवलेला होता, बेटा. साखर, पत्ती सगळं घातलेलं. नहरावर लोक धावले तेव्हा मी तोच उतू गेलेला बघत होते.”

मला बसायला जागा नव्हती. दोन दारांच्या मध्ये खुर्ची ठेवायला मनाई आहे.

“त्या दिवशी किती होता तो तुमचा अंक?”

“एकोणचाळीस.”

“आणि ठेवून घ्यायला?”

“चाळीस.”

“बरं,” त्या म्हणाल्या. आतलं दार बंद असल्याची खात्री करून रखवालदारानं बाहेरचं उघडलं, आणि त्या गेल्या.

तीनचा ठोका पडला होता. मावश्या बाहेर आल्या. पंचफुला मावशी बोळात तापमापकाशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. आत कुणीतरी चालायला लागलं, मग आणखी एक. चालक जाळीशी आला आणि आमच्याकडे बघत राहिला.

जुलैच्या मध्यावर मी एप्रिल ते जूनचा अहवाल पाठवला. चाळीसच्या खाली अंक आल्यानं सुट्टी मिळालेले रुग्ण: पंचवीस. यंत्राचा अंदाज: चार टक्के. पंधरा दिवसांच्या आत गंभीर घटना: एक. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक: शून्य.